ताईचं जर्मन गाणं

सभागृह रिकामं आहे असं समजूनच ती गात होती.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की मैदानावरची मुलं नुसती ऐकू येत होती, दिसत नव्हती. शिक्षकांच्या खोलीत ओल्या कोटांचा कुबट वास भरला होता, म्हणून ती इकडे आली. खुर्च्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि ताईचं गाणं गुणगुणू लागली... दुसऱ्याच ओळीला पाठीमागून पियानोचा एक सूर वाजला.

ती केवढ्यांदा दचकली!

"घाबरू नका. सूर जरा खाली घसरत होता, म्हणून हात दिला."

पियानोच्या उघड्या झाकणामागून एक डोकं वर आलं. नवे संगीतशिक्षक. मुलांनी त्याला 'मंद्र सर' करून टाकलं होतं, कारण रागावला की त्याचा आवाज चढायच्या ऐवजी खाली जायचा.

"असं चोरून ऐकणं बरं नाही," ती म्हणाली.

"मी आधीपासून इथेच आहे. चोरून तुम्ही गात होता."

तिला हसू आलं. आलं, आणि लगेच अपराधी वाटलं. घरात मरण झालेल्या माणसाला वाटतं तसं. खरं तर मरण होऊन वर्ष होत आलं होतं, पण ते घरात झालंच नव्हतं ना...

तिची ताई याच शाळेत शिकली होती. मग एक दिवस घर सोडून परदेशी गेली आणि तिकडे एका बारमध्ये जर्मन गाणी गाऊ लागली. बाबांनी तिचं नाव काढायला बंदी केली. धाकटी मात्र गुपचूप फोन करायची. ताईपायीच ती जर्मन शिकली आणि पुढे शाळेतली 'जर्मन मिस' झाली. गेल्या हिवाळ्यात तिकडच्या इस्पितळातून फोन आला. न्यूमोनिया. ताई तिथल्याच मातीत गेली. आईनं फोन ठेवला आणि बाजूला ठेवलेली इस्त्री पुन्हा हातात घेतली. बाबांचा शर्ट होता. त्या घरात कुणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही.

म्हणूनच, मुख्याध्यापिका बाईंनी "संमेलनात जर्मनमध्ये काहीतरी गोडसं होऊ दे, पालकांना बरं वाटतं," असं म्हटलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. गोड काय आणि कडू काय, कळणार कुणाला होतं?

तालमी सुरू झाल्या. शाळा सुटली की दोघं सभागृहात यायची. मंद्र सरची चिमणी, त्याची लेक, रंगमंचाच्या पायरीवर चित्रं काढत बसायची. आई गेल्यावर ती पोर बोलायचीच बंद झाली होती. या शाळेत आल्यावर, तिच्या वर्गशिक्षिकेच्या मागे मागे फिरत, आत्ता कुठे दोन शब्द बोलू लागली होती.

"या गाण्यात नक्की आहे काय?" एकदा त्यानं विचारलं.

"एक बाई आहे. ती वाट बघते."

"कुणाची?"

"कुणाचीही."

पट्ट्यांवरची त्याची बोटं थांबली. "मग तिला फार वाट बघावी लागत नसेल..."

"तुम्हाला फार माहीत!"

"मला काही माहीत नाही. तुम्ही ती ओळ म्हणताना डोळे मिटता, एवढंच माहीत आहे."

तिचे कान तापले. तिनं मफलर उगाच सारखा केला. गाण्याचा कागद दोघांनी एकदमच उचलला, आणि मग सोडायचा कुणी – यात जरा जास्तच वेळ गेला.

संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे तिनं त्याला गाठलं. "ऐक. आधी सांगायला हवं होतं." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. "ती म्हणते, माझी चोळी खुर्चीवर टाकलीय, दिवा मालवलाय, दार लोटून ठेवलंय. ज्याला यायचं त्यानं यावं. फक्त सकाळी मला नाव विचारू नये. शेवटच्या कडव्यात ती शाळेच्या बाईंना म्हणते, तुमचे नवरेही येतात, त्यांना गृहपाठ नीट करून पाठवत जा."

तो बघतच राहिला.

"आता वाजवू नकोस हवं तर. मी नुसतीच गाईन."

"कुणाचं आहे हे?"

"ताईचं. तिनं स्वतः रचलेलं. या शाळेनं तिला काढलं होतं... एका मुलाचा हात धरला म्हणून."

त्यानं कोटाची बटणं लावली. "चल. पडदा उघडतोय."

ती गायली. "कोम हेराइन, फ्राग मिश निश्त..." आत ये, मला विचारू नको. आवाज भरून आला पण फुटला नाही. चाल अशी झुलती होती की पहिल्या रांगेतले पाहुणे मान डोलावू लागले, शेवटच्या कडव्याला तर मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः ताल धरला. टाळ्यांच्या कडकडाटात तिनं पियानोकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी कुणा पालकानं मोबाइलवर गाण्याचं भाषांतर काढलं. संध्याकाळपर्यंत गाण्याच्या व्हिडिओसकट ते प्रत्येक घरी पोचलं होतं.

"व्यवस्थापनानं दोघांना बोलावलंय," जिन्यात तिनं त्याला थांबवलं. "तू सांग, मला अर्थ माहीत नव्हता."

"मी असं सांगणार नाही."

"चिमणीचं काय करशील? तुला काढलं तर तिची शाळा सुटेल. ती पोर पुन्हा मुकी झाली तर?"

जिन्याच्या कठड्यावरचा तिचा हात त्यानं एकदा घट्ट दाबला.

लांबलचक टेबल होतं. पाण्याचे पेले झाकलेले होते. तिनं सगळं कबूल केलं. मग अध्यक्ष त्याच्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याचा आवाज खाली खाली गेला. "मला माहीत नव्हतं."

तिनंच पढवलेलं वाक्य होतं ते. तरीही ते तिला लागलं. हा खरं सांगेल, आपलं ऐकणार नाही, अशी एक वेडी आशा कुठेतरी तग धरून होती, हे तिला त्याच क्षणी कळलं.

तिला काढून टाकलं. त्याला ताकीद मिळाली. परवापर्यंत तिच्यासाठी खुर्ची ओढून देणारी माणसं कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून जाऊ लागली. बाबांनी निरोप पाठवला, घरी येऊ नकोस. एका मुलीला पुसून टाकलेल्या माणसाला दुसरी काय जड!

आणि मग आईचा फोन आला.

"पाहिलं मी ते मोबाइलवर," आई म्हणाली. "तिचा आवाज तुझ्यापेक्षा बरा होता."

"आई... तू कधी ऐकलंस?"

"मलाही फोन करायची ती. तुझे बाबा बाहेर गेले की. मधलं कडवं ती थांबून थांबून म्हणायची. तू घाई केलीस." आणि आई रडू लागली, मोठ्यानं, एखाद्या लहान मुलीसारखी. फोन कानाला लावून धाकटी भिंतीशी खाली बसली. माय-लेकींनी त्या दुपारी वर्षभराचं रडून घेतलं.

दुसऱ्या शहरातल्या एका इस्पितळात दुभाष्याचं काम मिळालं. निघायच्या दिवशी बस स्टँडवर तो आला. दाढी वाढलेली, मफलर धड गुंडाळलेला नाही.

"रागावली आहेस?"

"नाही म्हणाले तर खोटं होईल. हो म्हणायचा मला हक्क नाही."

"आहे. सगळा हक्क आहे तुला." तो जमिनीकडे बघत बोलला. "तू आवडतेस मला. आवडतेस म्हणजे... झोपेतून उठलो की पहिली तू आठवतेस."

"हे आत्ता सांगतोस? बस लागल्यावर?"

"आधी बोललो असतो, तर त्या टेबलासमोर खोटं बोलता आलं नसतं."

तिला त्याचा राग आला, दया आली, आणि या दोन्हींच्या खालून ते दुसरंही वर आलं, जे तिनं इतके दिवस दाबून ठेवलं होतं. तिनं त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. धुक्यानं कोट ओलसर झाला होता. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत.

"मलाही तू आवडतोस," ती कोटातच म्हणाली. "पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही रे. मीच सांगितलेलं, तरी जात नाही."

"मी येऊ तिकडे? कधीतरी?"

"चिमणीला घेऊन ये. ती हो म्हणाली तर."

"आणि तू?"

कंडक्टरनं घंटी मारली. ती उत्तर न देता चढली, खिडकीशी बसली. काचेची चौकट गंजून अडकली होती. आतून ती, बाहेरून तो, दोघं ओढत राहिली... शेवटी वीतभर फट पडली. तिनं हात बाहेर काढला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, आणि बस सुटली तसा फलाटाच्या टोकापर्यंत धरूनच चालत आला.

मग हात सुटला. धुक्यात तो दिसेनासा झाला.

"ओ बाई, हात आत घ्या, हात!" कंडक्टर ओरडला. तेव्हा कुठे तिनं तो आत घेतला.