खांद्यावरचा हात

शिरपूर जैनमध्ये बसस्टँडवरून मंदिराकडे वळलं की डाव्या हाताला उत्तमरावांचं घर लागतं. मागे वांगी, मेथी आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, दीड एकर मळा, आणि पुढच्या खोलीत मुलाचा, पवनचा, कॉम्प्युटर. दारावर ‘पवन डिझाइन’ अशी पाटी आहे आणि तिच्यातला प निम्मा उडाला आहे. गावाच्या पाट्या करणाऱ्याला स्वतःच्या पाटीकडे बघायला फुरसत नाही, असं त्याची बायको राधिका म्हणते, आणि ते खरंच आहे.

वाढदिवस, निवृत्ती, गणपती, निवडणूक, मयत, सगळ्यांचे फ्लेक्स पवन याच कॉम्प्युटरवर करतो आणि फाइल वाशिमला छापायला धाडतो. काम नीट, तारखेला पक्का, शुद्धलेखनात बरा. देवभोळा मात्र मुळीच नाही. दाराला लिंबू-मिरची बांधायची तीसुद्धा त्याची आई, जिजाबाई, बांधते.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्याची एकच फाइल होती, नऊ वर्षांपासूनची. झेंडूची चौकट, खाली समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. नवीन मयत झाली की आधीच्या माणसाच्या फोटोवर नवा फोटो ठेवायचा. कॉम्प्युटरात हे फोटो काचेच्या तावांसारखे एकावर एक राहतात. प्रत्येक तावाला आकडा असतो आणि आकड्याशेजारी एक बारकासा डोळा. डोळा दाबला की मिटतो आणि फोटो दिसेनासा होतो. पुन्हा दाबला की उघडतो. पवन जुना फोटो कधी पुसत नसे, नुसता डोळा मिटून ठेवी. कारण वर्षाने घरचे लोक पुण्यस्मरणाचा फ्लेक्स करायला येतात आणि म्हणतात, तोच फोटो लाव. दुसऱ्यांकडे तो हरवलेला असायचा, पवनकडे हमखास सापडायचा. या गोष्टीचा त्याला थोडा गर्वच होता.

आणखी एक काम त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आपल्याकडे माणूस गेल्यावर घरात त्याचा एकट्याचा धड फोटो निघत नाही. कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तो कापून काढावा लागतो, आणि कापताना खांद्यावर कुणाचा तरी हात राहतोच. तो हात पवन सावकाश बसून पुसायचा.

“माह्या वेळेस काय करशीन?” उत्तमराव त्याला चिडवायचे. “आधारवरचा लावू नोको बापा. लोक हार टाकाच्या आधी पळून जातीन.” कॅमेरा समोर आला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, आणि वरचे दोन दात गेल्यापासून तर ते ओठही उघडत नसत. घरात त्यांचा हसरा फोटो एकही नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आभाळ आलं आणि हटेचना. तुरीवर अळी पडली. सकाळचे दहा वाजले तरी घरात दिवा लावावा लागे. त्याच दिवसांत कॉम्प्युटर रुसला. माउस हलवावा आणि पडद्यावरच्या बाणाने चहा होईपर्यंत विचार करावा, अशी गत झाली. सोमवारी दुपारी पवनने वाशिमला आदर्शला फोन लावला. आदर्श त्याचा शाळेपासूनचा मित्र, तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो.

“मेमरी भरली म्हनते ना, मंग कोन खाऊन राह्यलं ते पाह्य आधी,” आदर्श म्हणाला, आणि कोणती बटणं दाबायची ते त्याने सांगितलं. पडद्यावर यादी उघडली. सगळी मेमरी एकच फाइल खात होती. श्रद्धांजलीची.

“दिवाळीले दीड जीबीची होती,” पवन म्हणाला. “आता अकरा दाखवते.”

“फ्लेक्सात सारा जिल्हा टाकला काय बे?”

पवनने फाइल उघडली आणि एकेक ताव तपासत वर गेला. प्रत्येकाला त्याने स्वतः नाव दिलेलं होतं. चारशे बारा माणसं, चारशे बारा मिटलेले डोळे. सगळ्यात वर मात्र एक बिननावाचा ताव होता. नुसता आकडा, ४१३. तो आपण केल्याचं त्याला आठवेना. त्याने डोळा उघडला.

जऊळका स्टेशनबाहेर चहाचं दुकान लावणारा जगदेव. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला टिळा, आणि उजव्या खांद्यावर कुणाची तरी दोन बोटं, एका बोटात चांदीची अंगठी. मागच्याच आठवड्यात पवनने त्याच्या हातचा चहा घेतला होता. एखाद्या वाढदिवसाच्या फ्लेक्समधून चुकून इकडे आला असणार, असं म्हणून पवन स्वतःशीच हसला आणि ताव पुसायला गेला. तेवढ्यात लाइट गेली.

गुरुवारी बारा वाजता जगदेवचा पुतण्या दारात उभा राहिला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

“काल काका गेले. छातीत दुखलं. अकोल्याले नेता नेताच.” त्याने मोबाइल पुढे केला. “हा फोटो टाका.”

गुलाबी फेटा, टिळा. या फोटोत शेजारी जगदेवचा भाऊही होता आणि त्याचा अख्खा हात जगदेवच्या खांद्यावर होता. बोटात चांदीची अंगठी.

“हा कधीचा आहे?” पवनने विचारलं.

“परवा मंगळवारचा. बहिनीचा साखरपुडा होता. फोटोवाल्यानं आज सकाळी धाडला.”

पवनने आदर्शला केलेला फोन मोबाइलमध्ये पाहिला. सोमवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्याने तो तीनदा पाहिला. मग ४१३ हाच ताव घेऊन फ्लेक्स केला, अंगठीची बोटं पुसली, फाइल वाशिमला धाडली. पुतण्या गेला. पवनचं लक्ष पुन्हा यादीकडे गेलं.

४१३ च्या वर ४१४ होता. त्याचा डोळा उघडाच होता.

झेंडूच्या चौकटीत उत्तमराव हसत होते. गळ्यात रोजचा दुपट्टा, तोंड मोकळं उघडलेलं, वरच्या दोन दातांची खिंड स्पष्ट दिसत होती. पवनने वडिलांना इतकं हसताना कितीक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंतसुद्धा नाही, नुसती बोटं, आणि अंगठा पिवळाजर्द.

पवनने ताव पुसला, तर ‘मेमरी पुरत नाही’ असं लिहून आलं आणि कॉम्प्युटर गोठला. बंद करून चालू केला. चारशे तेरा डोळे मिटलेले, चारशे चौदावा उघडा. त्याने तो मिटला. बघता बघता तो परत उघडला. फाइल आता तेरा जीबीची झाली होती.

घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगणार काय? पण पवन हिशेबी डोक्याचा माणूस, त्याने विचार केला. फोटो आधी निघतो, माणूस मग जातो. म्हणजे फोटो निघूच दिला नाही तर? आणि पिवळा अंगठा म्हणजे हळदीचा हात. रविवारी जऊळक्याला उत्तमरावांचा मावसभाऊ शेषराव याच्या मुलीची हळद होती.

पुढचे तीन दिवस त्याने घरात कुणाला मोबाइलने फोटो काढू दिला नाही. राधिकाने मळ्यातल्या वांग्यांचा फोटो घेतला तर तिच्यावर खेकसला.

“अवो, काहून असे करून राह्यले?” ती म्हणाली. “वांग्याले नजर लागते काय?”

रविवारी सकाळी उत्तमराव धुतलेलं धोतर नेसून तयार झाले, तेव्हा पवनने मोटारसायकलची चावी खिशात घातली.

“बाबा, तुमी जाऊ नोका.”

“काहून?”

“आभाळ आहे. थंडी बाधन.”

“शेषरावच्या पोरीची हळद आहे अन् मी घरी बसू? मले काय मढं समजला काय?”

त्या शब्दासरशी पवन आवाज चढवून बोलला, बोलू नये ते बोलला. उत्तमरावांनी धोतर बदललं, रोजचा दुपट्टा गळ्यात टाकला आणि अंगणात जाऊन मेथीच्या जुड्या बांधत बसले. दुपारी जेवायलाही आत आले नाहीत. पवनला फार वाईट वाटलं, पण त्याने चावी दिली नाही.

पवनने बोलावल्याप्रमाणे आदर्श फाइली साठवायची नवीन डिस्क घेऊन दोनला येणार होता. पवनला तेवढाही दम निघेना. त्याने पेचकस घेऊन कॉम्प्युटरचं खोकं उघडलं आणि जुनी डिस्क ओढली. ती अडली. त्याने जोर लावला तशी ती निघाली, आणि पत्र्याच्या कडेने अंगठा चांगलाच कापला. रक्ताकडे न बघता तो मागच्या मोरीवर गेला आणि धुण्याच्या दगडावर डिस्क ठेवून हातोडीने तिचा भुगा केला. चारशे घरांचे फोटो त्यात गेले. त्याला त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली.

“अरे, रक्त किती गयून राह्यलं!” जिजाबाई धावत आली. तिने जखमेत तेलात कालवलेली हळद दाबून भरली, उत्तमरावांच्या जुन्या धोतराची पांढरी चिंधी फाडली आणि अंगठ्याभोवती घट्ट गुंडाळली.

आदर्शने येऊन नवीन डिस्क बसवली. कॉम्प्युटर चुटकीसरशी सुरू झाला. “हे पाह्य,” तो म्हणाला, “सारी रिकामी. एक फोटो नाही त्याच्यात.”

चार वाजता शेषरावांचा फोन आला. हळद लागली, तुमची फार वाट पाहिली, म्हणाले. पवनने मोबाइल ठेवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. आठवड्यात पहिल्यांदाच त्याला धड श्वास घेता आला.

अंगणात उत्तमराव अजून जुड्याच बांधत होते. आभाळाखाली त्यांची पाठ बारकी दिसत होती. पवन जाऊन त्यांच्याजवळ बसला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मिसरूड फुटल्यापासून त्याने असा हात ठेवला नव्हता.

“चुकलं बाबा. उद्या लग्नाले मीच नेतो तुमाले. गाडीवर नाही, ऑटो करून. नवरदेवासारखं.”

उत्तमरावांनी राग धरून ठेवायचा प्रयत्न केला. ओठ आवळले. मग खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

“नवरदेव म्हने! दात तरी बसवून देशीन काय पोट्ट्या?”

“बस, अस्सेच राहा!” दारातून आदर्श ओरडला.

मोबाइलचा बारीक आवाज झाला.

आदर्शला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो आत गेला आणि त्याने मोबाइलची वायर कॉम्प्युटरला लावली. “नव्या डिस्कात पयला फोटो बाबाचा,” तो म्हणाला.

पवन उठून आत गेला.

पडद्यावर उत्तमराव हसत होते. गळ्यात दुपट्टा. दोन दातांची खिंड. डाव्या खांद्यावर हात.

पवनने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. हळदीचं तेल आतून पाझरत वर आलं होतं. चिंधीचा एक धागाही पांढरा राहिला नव्हता.

“पुसून टाक तो,” तो म्हणाला.

“काहून बे? इतका झकास आला!”

जिजाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. उत्तमराव चष्मा लावून आत आले आणि पडद्यासमोर वाकून बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. लहान पोराला नवा सदरा मिळावा तसे ते खूश झाले होते.

“हाच ठेवजो, पवन,” ते म्हणाले. “आता दुसरा काहाडाची गरज नाही.”