बत्तीस नव्हे, तेवीस!

“हे पाकीट उघडा. आत्ताच्या आत्ता!” मी टेबलावर हात आपटला.

तपासणीच्या टेबलामागचा तरुण दचकला. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं रेन्तारो. डोळे मात्र... जाऊ दे, मी भांडायला आले होते!

नागोयातल्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं. बाबांनी त्यासाठी आपला लाडका चांदीचा येन पाठवला आणि तो लाल शिक्का मारलेल्या पाकिटात परत आला – ‘नकली’. कारण लिहिलेलं नाही. मंडळात कुजबुज सुरू, “तोकुजीसान फसले म्हणे!” चाळीस वर्षं नाणी ओळखणारे माझे बाबा स्वतःच्या नजरेवर शंका घ्यायला लागले. आठवडाभर त्यांनी कपाट उघडलं नाही. आज ओढून आणलं, तर दाराजवळच्या बाकावरून उठेनात.

“नकलीच आहे,” रेन्तारो नम्रपणे म्हणाला. “यावर साल मेइजी बत्तीस आहे, मेइजी सम्राटांच्या राजवटीचं बत्तिसावं. त्या वर्षी चांदीचा येन पाडलाच नाही.”

“बत्तीस? वाचा बरं मोठ्यानं.”

“तीन... दहा... दोन. तीन दहा म्हणजे तीस, वर दोन – बत्तीस.”

“अहो, उजवीकडून! महायुद्धाआधीचं नाणं आहे ते, तेव्हा उजवीकडून डावीकडे लिहायचे. दोन, दहा, तीन – तेवीस! तेवीस साली पाडले होते ना?”

तो भिंगावर वाकला. मीही वाकले. बाहेर पाऊस बारीक टपटपत होता, त्याच्या ओल्या लोकरी बाहीचा वास येत होता... आणि त्याचे कान लाललाल होत चालले होते.

“पाडले होते,” तो पुटपुटला. “मी रोज आजकालचीच नाणी तपासतो. सवयीनं डावीकडून—”

“तुमच्या सवयीपायी माझ्या बाबांच्या घशाखाली घास उतरत नाही!”

मला वाटलं, आता गुपचूप शिक्का खोडेल. पण तो सरळ उठला आणि त्यानं माईक हातात घेतला.

“तोकुजीसानांचा येन अस्सल आहे. साल मी उलटं वाचलं. चूक माझी, त्यांची नजर पक्की आहे.”

मग भर सभागृहातून जाऊन, कमरेत वाकून, त्यानं दोन्ही हातांनी नाणं बाबांपुढे धरलं. टाळ्या थांबेनात! बाबा डोळे पुसत म्हणाले, “मला ठाऊकच होतं!”

“काही ठाऊक नव्हतं तुम्हाला,” मी म्हटलं आणि स्वतःच रडले.

दहा मिनिटांत बाबांचा येन मधल्या कपाटात लागला, आणि बाबा त्याच्याशेजारी छाती काढून उभे! रेन्तारो माझ्याजवळ आला.

“उद्या... पुन्हा भांडायला याल?”

“कशावरून?”

“कशावरूनही. सगळ्यांदेखत मान खाली गेली माझी, तरी वाटत होतं – तुम्ही इथून जाऊ नये. तुम्ही मला फार आवडलात.”

तेवढ्यात बाबांचा खणखणीत आवाज आला, आठवड्यानंतर पहिल्यांदाच.

“कोतोए, पोरगा चुकला तर चारचौघांत कबूल करतो. अस्सल आहे गं!”

सगळं सभागृह हसलं. मी रेन्तारोकडे पाहिलं आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “हो!”