न सांगितलेली वाट

डोळ्यांतला उजेड पुरता मावळायच्या आत अँसेल्मोमामाला तो खडक बघायचा होता. एवढ्यासाठीच ऐन उन्हाळ्यात मामा आणि त्याची भाची बर्निता सोनोराच्या वाळवंटात शिरली होती. मिठासाठी समुद्राकडे पायी निघालेले त्यांचे ओऽधम पूर्वज वाटेत एका कुंडाशी पाणी प्यायचे. तिथल्या खडकावर त्यांनी दगडाने ठोकून ठोकून रानमेंढ्यांचा कळप कोरला होता. मामाने तो नुसता गोष्टीत ऐकलेला.

वाटही त्या गोष्टीतच होती. पण गोष्ट सांगायची ती हिवाळ्यात, साप झोपलेले असताना. उन्हाळ्यात सांगितली, तर साप ऐकायला येतात! आणि गेला हिवाळा मामाने दवाखान्यात काढला. बर्निताला सांगायची गोष्ट पोटातच राहिली.

"नुसतं डावं की उजवं, एवढं तरी सांग," बर्निता कुरकुरली.

"डावं-उजवं हीच तर गोष्ट आहे, पोरी."

मग तोड त्यानेच काढली. बर्निता वाट चुकली, की तो खाली बसायचा. धूसर डोळ्यांना डोंगरांचे मोठे आकार अजून कळत होते. दुपारपर्यंत तो इतक्यांदा बसला, की आपण खडक शोधतोय का तुझ्यासाठी बैठक, असं तिने विचारलंच. सावली बघून चुकत जा, म्हणाला.

सग्वारो निवडुंगाचे काटेरी खांब मागे पडले. काळे दगड तव्यासारखे तापले. कोरड्या ओढ्याच्या काठावर बर्निताचा पाय निसटला. ती गडगडत खाली गेली! खरचटण्यावर निभावलं, पण पाण्याचा कॅन फुटला. वाळूने घटाघटा सगळं पिऊन टाकलं. गाडी फार मागे राहिली होती. आता कुंड सापडायलाच हवं!

ती ओढ्याने वर निघाली. मामा बसला. खाली वळली. मामा बसलेलाच. समोर एक अरुंद घळ होती. तिने तिकडे तोंड केलं. मामा उठला!

घळीच्या पोटात हिरवंगार पाणी होतं. दोघं ओंजळी भरभरून प्यायली. वर एक कट्टा, त्यामागे उभा खडक, आणि कट्ट्यावर वेटोळं घालून खुळखुळ्या साप! शेपूट खळखळलं. बर्निताने काठी उचलली.

"घर त्याचं आहे. आपण पाहुणे," मामा म्हणाला. "बस जरा."

ती काठी टाकून बसली. पांढऱ्या उन्हात खडक कोरा दिसत होता, तिच्या तरण्या डोळ्यांनाही. एवढ्या लांब आणून म्हाताऱ्याला दाखवायचं काय? मामा मात्र घेवड्याची पोळी निवांत चावत राहिला.

ऊन कललं. तिरपी किरणं खडकावरून घसरली, आणि एकेका खाचेत सावली साचू लागली. एक शिंग उमटलं. मग पाठ. मग कळपच्या कळप डोंगर चढू लागला, काळाभोर, ठसठशीत!

मामाचा घास तोंडातच थांबला. कितीतरी वेळ तो बघत होता. साप केव्हाच कपारीत निघून गेला होता. मामा कट्ट्यावर चढला आणि खडकाला डोळे भिडवून उभा राहिला.

"सगळ्यात मागचं लंगडतंय," तो हळूच म्हणाला.

बर्निताने निरखून पाहिलं. खरंच, शेवटच्या मेंढीचा एक पाय आखूड होता.

"हे गोष्टीत नाही," मामा म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला.