भट्टीतला टेका

तुम्ही हसाल. हसा. मीही असल्या गोष्टींना हसणाराच माणूस. पण हे ऐकीव नाही, माझ्या हाताखाली घडलंय. गेल्या दिवाळीनंतर, पाचगणीत. अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. चांगली भर दुपार होती.

मी उंब्रजचा, बॉयलर दुरुस्तीवाला. एका हॉटेलवाल्यानं पर्यटकांना फिरवायला वाफेचं जुनं, छोटं इंजिन आणलं होतं. कुठून आणलं, ते त्यानं धड सांगितलं नाही. त्याच्या बॉयलरचे झिजलेले बोल्ट बदलायचे होते.

सोबत मेव्हणा, जोतीराम. माणचा. बायकोचा एकुलता एक भाऊ, लग्न तोंडावर आलेलं. निघताना बायकोनं, मंगलनं, मला बजावलं होतं, "जसा नेताय, तसा परत आणा."

आमचं काम जोडीचं. एक जण बॉयलरच्या थंड भट्टीत बसून बोल्टच्या आतल्या टोकाला जड लोखंडी बार दाबून धरतो. त्याला आम्ही टेका म्हणतो. दुसरा बाहेरून हातोड्यानं ठोकून बोल्टचं डोकं बसवतो. आत टेका नसला की हातोडा उसळतो, आवाज पोकळ येतो. हाताला लगेच कळतं.

मी मारत होतो.

टेका पक्का... लय पक्का.

एवढी ताकद या काटकुळ्या जोतीरामच्या अंगात कुठली, म्हणून मी खूश होतो.

तेवढ्यात मागून कुणीतरी चहाचा कप पुढं केला.

जोतीराम.

हा गडी कधीचा फाटकापाशी होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलत होता. मी आधी त्याच्यावर खेकसलो. काम टाकून लाडीगोडी काय करतोस, म्हणून.

आणि मग लक्षात आलं...

आत कोण होतं?

भट्टीच्या दारातून बॅटरी मारली. कुणी नाही. बार तळाशी आडवा पडलेला. उचलला, तर धरायच्या जागी ऊब होती.

सामान आवर, म्हणालो. जोत्या हसला. घण मारून दाजींचं डोकं फिरलंय म्हणाला, आणि मी अडवायच्या आत सरपटत भट्टीत शिरलासुद्धा.

मग काहीच आवाज नाही...

खोकला नाही. बार सरकल्याचा आवाज नाही.

"जोत्या, बार धरलास का रं?"

"न्हाई. मी नुसता बसलोय."

मग एकदम निवांत आवाजात तो म्हणाला,

"तुमी मारा की, दाजी. त्यांनी धरलाय."

मी पाय धरून त्याला बाहेर ओढला. अंगाला खरचटलं तरी सोडला नाही. तो आजही म्हणतो, मी असं बोललोच न्हाई.

ते काम मी सोडलं. जोत्याचं लग्नही थाटात झालं. मला वाटलं, सुटलो.

पण गेल्या आठवड्यात तो माझ्याशी भांडून परत त्याच इंजिनावर गेलाय. एकटाच. मला राहवेना. काल फोन केला, म्हटलं टेक्याला माणूस पाठवतो.

"कशाला, दाजी?" तो म्हणाला. "माणूस हाय की आत."

मंगलला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू, तुम्हीच सांगा.