उघडा पट्टा

जुईने दोन ग्लासांत पाणी भरलं आणि प्रत्येकात एकेक वाळलेलं ढेकूळ सोडलं. शेजारच्या शेतातलं बघता बघता विरघळलं. तिच्या आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या शेतातलं मात्र तसंच राहिलं. असं का?

“मातीतली बुरशी चिकट पदार्थ सोडते. त्याने कण एकमेकांना धरून राहतात,” मापक म्हणाला. मापक हा अनुदान (परत न करायची मदत) देणाऱ्या खात्याचा यंत्रमानव. “आच्छादनाखाली (काडाच्या पांघरुणाखाली) ही बुरशी वाढते. पण याने काही सिद्ध होत नाही. शेजारची माती मुरमाड, तुमची काळी. तुलनेचा पट्टा कुठे आहे?”

तुलनेचा पट्टा म्हणजे त्याच शेतात मुद्दाम उघड्या ठेवलेल्या पिकाच्या चार ओळी. माती तीच, पाऊस तोच, पीक तेच. फरक फक्त काडाचा. मग जो बदल दिसेल तो काडामुळेच. जुईच्या आजीने, माईंनी, तो आखला होता. बाकी सगळं रान काडाने झाकून बघायचा प्रयोगच त्यांचा. माघात त्या गेल्या, आणि तात्यांनी त्या ओळींवरही काड पसरलं.

“तिच्या रानात उघडी जागा मला बघवेना,” तात्या म्हणाले.

“मग निष्कर्ष नाही. अनुदान बंद. गावातल्या इतरांनाही या पद्धतीसाठी मदत मिळणार नाही.”

तात्या भडकले. “अरे पत्र्या! बाई राबून राबून गेली, आणि तू पुरावा मागतोस? डोळे आहेत का दिवे?”

“कॅमेरे आहेत.”

जुईला हसू आलं, आणि लगेच रागही आला. “त्याच्यावर काय ओरडता, तात्या? त्या ओळींना हात लावू नका, असं माईने सांगितलं होतं ना? पीक भारी यावं म्हणून नाही मिळालं हे अनुदान. नवं काही करून बघावं म्हणून मिळालं. फसलं असतं तरी चाललं असतं. पण फसलं की जमलं, ते कळायला तरी हवं!”

तात्यांनी दाताळं उचललं आणि ते रागारागाने त्या ओळींवरचं काड ओढायला लागले. खालची माती उघडी पडू लागली.

“पट्टा उघडा राहणार असेल, तर मी एका वर्षाच्या मुदतवाढीची शिफारस करतो,” मापक म्हणाला.

“उन्हाळ्यात तडकेल ही. बघवणार नाही मला.”

“तडकू दे,” जुई म्हणाली. “गाव बघेल. मग सगळेच आपापली रानं झाकतील.”

तात्यांनी बाहीने नाक पुसलं.

“त्या पत्र्याला सांग, बाजूला हो म्हणावं. अजून दोन ओळी राहिल्यात.”