मुनीमसाठी लावलेलं दार

दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती, तोच चुनीलालशेठच्या मिरचीच्या पेढीवरून माणूस धापा टाकत चौकीवर आला. मुनीम रतिलाल गादीवर बसल्याबसल्या गुदमरून मेला होता.

हेड कॉन्स्टेबल रायसिंग पोचला तेव्हा अंगणभर लाल मिरची पसरली होती. बायका शिंकत देठ खुडत होत्या. आतल्या खोलीत रतिलालचं प्रेत, शेजारी अर्धवट खाल्लेला डबा.

"बायकोनी विष दिनं," शेठ रडत म्हणाले. "डबा खादा का त्याना जीव घाबरा व्हये. दिवाळीपशीन हाईच चाली ऱ्हायनं व्हतं."

"सकाळले व्हये?"

"नही. जेवनवरच."

शेठनं बिडी पुढे केली, पेढीवर रोज बसणाऱ्या दोघा दलालांनीही आपापल्या शिलगावल्या. "दार लाव रे, ठसका लागस," शेठ नोकरावर ओरडले. रायसिंगनं सवयीनं झुरका घेतला.

फौजदारांचा हुकूम आला, संध्याकाळपर्यंत बायकोला अटक करा. शेजारीण मंगलाबाईची साक्ष तर तिच्या मुळावरच उठणारी होती.

"रोज रातले भांडन. 'खोटं बोलतस तुमी,' आशी वरडे जसोदा."

"कसावरथून?"

"ते आयकू नही ऊनं."

जसोदाबाई चौकीत भिंतीला टेकून बसली होती. रायसिंगनं नाना परीनं विचारलं. "ते मन्हं आनि त्यासनं," एवढंच ती बोलली. रायसिंगला तिचा राग आला. ही बाई गप्प बसूनच फासावर जायची.

तो पुन्हा पेढीवर गेला. मुनीमचा डबा कोपऱ्यात लखलखीत चाटलेला, आणि शेजारी पेढीचं मांजर अंग चाटत बसलेलं. बाहेर नानीबाई मिरची खुडत होती.

"दिनभर मिरचीमा बसस. दम नही लागत तुले?"

"शिंका येतस, सरी जातस. मुनीमबी आमनाजोडे ईसन बसे. मोकळामा बरं वाटे त्याले. मंग शेठ त्याले मझारनी खोलीमा बलाई ले."

रायसिंगच्या हातातली बिडी कधी विझली ते त्याला कळलं नाही. तो सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटून आला आणि दिवेलागणीला त्यानं जसोदाबाईला पेढीवर आणलं.

"शेठ, हाऊ डबा मांजरनी चाटी खादा. मांजर जित्तं शे. घरमा मुनीम हिनाच हातनं खाये, तठे त्याले काही व्हये नही. मिरची म्हनशात, ते मिरचीमा त्याले बरं वाटे. मंग जेवनवर आठे काय व्हस?"

रायसिंगनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. पिवळट तपकिरी भिंतीवर चुन्याचा पांढराशुभ्र चौकोन उघडा पडला.

"चुना दिवाळीले दिना ना?"

"हां."

"इतलामा भित आशी व्हयनी. जेवनवर दार लाईसन तुमी तिन्ही जन बिड्या पितस, आनि मुनीम मझार. डॉक्टर म्हने, विष नही. त्याले दमा व्हता, धूरनी भडकावा. भितवर बसना तोच धूर त्याना छातीमा बसना."

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. "मी ते त्यानाकरता दार लावू! दिवाळीले मिरची ऊनी, तिना ठसका लागू नही म्हनीसन. पोरगा मानं त्याले मी!"

"तुमनी माया खरी शे, शेठ. पन त्याले मारं तिनीच."

फौजदारांनी जसोदाबाईला सोडलं. शेठला कुठलं कलम लावायचं ते मात्र त्यांनाही सुचेना.

जसोदाबाई हलली नाही. ती त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होती.

"रोज त्यासना सदराले बिडीना वास ये," ती म्हणाली. "मी म्हनू, दम लागस तरी चोरीन पितस. घरधनी पोरेसनी आन खायेत, बिडीले हात नही लावा म्हनेत. मी काल रातलेबी त्यासनासंगे बोलनू नही."

तिनं तो रिकामा डबा पदराखाली घेतला.

"त्या खरं बोलेत. आते कोनाले सांगू?"