सहाव्या खोलीतून आलेलं उत्तर

त्या दुपारी माझं काम एवढंच होतं: माळ्यावरचे जुने फोन उतरवायचे, पुसायचे आणि संशोधन विभागातल्या ओळीने असलेल्या सहा खोल्यांत जोडून द्यायचे. हे फोन बाहेर लागत नाहीत, खोलीतून खोलीत बोलण्यापुरतेच. मी त्या विभागाच्या यंत्रखोलीची देखभाल करतो. तिथे पुष्कळसे संगणक एकच मोठं गणित आपापसांत वाटून घेऊन सोडवतात. शिकलो ते सगळं बघून बघून. माझी भाची तिथेच संशोधन करते, म्हणून सगळा विभाग मला मामा म्हणतो, आणि अधूनमधून मामा बनवतोही.

यंत्रं वाटून काम करतात तेव्हा त्यांना एकमेकांची तोंडं दिसत नसतात. कोण चालू, कोण बंद, हे कळायला एकच मार्ग: विचारत राहायचं. तिथल्या मॅडम हे फळ्यावर शिकवत नसत. विद्यार्थ्यांनाच यंत्रं बनवत. एकेकाने एकेका खोलीत दार लावून बसायचं आणि फोनवर दुसऱ्याला विचारायचं, "आहेस का?" त्याने म्हणायचं, "आहे." उत्तर आलं नाही तर बाकीच्यांना तसं सांगायचं. निम्म्याहून जास्त जणांनी 'उत्तर नाही' म्हटलं की तो गेला असं धरायचं. मग त्याने कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही; नव्या डावात निम्म्याहून जास्त जणांनी त्याचं उत्तर ऐकलं, तरच तो परत. त्याच्या जागी राखीव खोली घ्यायची, म्हणजे संख्या पुरी राहते.

"मेलेलं यंत्र परवडलं," मॅडम म्हणत, "अर्धमेलं परवडत नाही. ते मध्येच उठून जुनंच काहीतरी बडबडतं आणि सगळ्यांच्या कामाचा विचका करतं."

खेळ संपला की मॅडम सगळ्यांना व्हरांड्यात बोलावत, एकेकाकडे बघून म्हणत, "तू आहेस." मुलं हसायची. मॅडम मात्र हा नेम कधी चुकवत नसत.

त्या दिवशी एकाला ताप होता, म्हणून मला बसवलं. मी, भाची आणि तिच्या बरोबरचे तिघे. पाचव्या खोलीत भाची. सहावी राखीव, म्हणजे नुसती नावाला. तिथे फोन जोडून मीच कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. भाचीचा फोन आला, "मामा, आहेस का?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, इथे फार उकडतंय, लवकर उरका म्हणावं. तेवढ्यात बाकीच्या तिघांकडून एकामागून एक निरोप आला, की पाचवीतून उत्तर येत नाही. मी म्हटलं, अरे, मला स्वच्छ ऐकू येतंय. तार सैल असेल, बघतो. पण मॅडमना आयतंच उदाहरण मिळालं होतं. व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला. पाचांत तिघं नाही म्हणतात म्हणजे नाही. मामांचं एकट्याचं खरं असलं तरी चालत नाही, हेच तर शिकायचंय. राखीव घ्या.

मी सहावीला फोन लावला नाही, एवढ्यासाठीच की भाची अजून माझ्याशी बोलत होती. शेजारच्या खोलीत तिघांतल्या उंच मुलाने लावला. पातळ भिंतीतून मला ऐकू आलं. त्याने विचारलं, आहेस का? थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "हां, ठीक."

माझ्या कानाशी भाचीचा आवाज एकदम बारीक झाला.

"मामा, सहावीत कोण बसलंय?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

"मग भिंतीपलीकडून... माझा आवाज कसा येतोय?"

नेमकं तेव्हाच वरच्या साहेबांनी मॅडमना घाईने बोलावून घेतलं. त्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्या दिवशी 'तू आहेस' असं कुणी कुणाला म्हटलं नाही.

तिघे खोल्यांतून बाहेर आले. भाचीही आली. ती त्यांच्या समोर उभी होती आणि ते तिला वळसा घालून पुढे गेले. जिन्याचं दार उंच मुलाने कुणासाठी तरी धरून ठेवलं, रिकाम्या जागेकडे बघून हसला, काहीतरी बोलला. मी म्हटलं, मला मामा बनवताय का रे? त्याने खरोखरच न कळून माझ्याकडे पाहिलं. भाचीने त्याची बाही धरली होती. तो तिथे नुसता खाजवत होता.

सहावीचं कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं. आत तापलेल्या धुळीचा वास. रिसीव्हर टेबलावर काढून ठेवलेला, आणि हातात घेतला तर कोमट.

दिवा असू द्या, मालवू नका. पुढचं मला उजेडातच सांगता येतं.

माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, आमच्याच घरी राहते. आम्ही घरी पोचलो तेव्हा तिने दार उघडलं, "आलीस बाई, किती उशीर," असं कुणाला तरी म्हणाली, आणि भाचीच्या तोंडावर दार लावून घेतलं. मी ते उघडून तिला आत घेतलं. जेवायला बहिणीने तीन ताटं मांडली. तिसऱ्या खुर्चीत कुणी नव्हतं. बहीण त्या खुर्चीला वाढत होती, हसत होती, केस कापायला झालेत म्हणत होती. भाची भिंतीला टेकून उभी. ती "आई" म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. त्या तिसऱ्या ताटातलं अन्न कसं कमी होत गेलं, ते मला दिसलं नाही. प्रत्येक वेळी माझी नजर जराशी हलली की तेवढ्यात झालेलं असे.

सकाळी मी मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "अहो, ती आताच भेटून गेली. छान काम चाललंय तिचं." मी हट्ट धरला. खेळाच्या नियमातच आहे, गेलेल्याला परत घेता येतं, निम्म्याहून जास्त जणांनी त्याचं उत्तर ऐकलं तर. मॅडमनी माझं मन राखायला पुन्हा सगळ्यांना बसवलं. तारा मी नव्या घातल्या. पाचवीतून भाची एकेकाला फोन लावत राहिली. भिंतीपलीकडून मला ती ऐकू येत होती, आधी विचारत होती, मग विनवत होती. त्या तिघांचे फोन वाजलेसुद्धा नाहीत. फक्त माझा वाजत होता.

मॅडम फार मायेने बोलल्या. "मामा, थोडे दिवस रजा घ्या."

मग मी घरीच राहू लागलो. माझ्या ताटातलं अर्धं तिला देत होतो. मागच्या खोलीत ती पडून असायची, आणि तिचं सगळं बोलणं हळूहळू एकाच प्रश्नावर आलं. "मामा, आहेस का?" मी म्हणायचो, आहे. उत्तराला जरा उशीर झाला तर तिच्या हाताचा रंग उतरायचा. मी उत्तर देत होतो तोवर ती होती. एवढं मला पक्कं कळलं होतं, आणि त्याहून जास्त काही करता येत नव्हतं.

एके दिवशी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरले होते.

"दादा, पोरीशी अबोला का धरलायस? ती म्हणते, मामा मला उत्तरच देत नाही."

"कुठे आहे ती?"

तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "ही काय. दोघांच्या मध्ये माझा जीव टांगून ठेवू नकोस रे. एकदा हो तरी म्हण तिला."

मी म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. बहीण उठून गेली. स्वयंपाकघरात ती हळू आवाजात कुणाची तरी समजूत घालत होती.

त्यानंतर बाहेरच्या खोलीत, त्या खुर्चीसमोर, मी तोंड उघडेनासा झालो. पण माणूस किती दिवस सावध राहणार? एका दुपारी खिडकीशी बसून चष्मा पुसत होतो. ऊन होतं, घर शांत होतं. मागून आवाज आला.

"मामा, आहेस का?"

"आहे," मी म्हटलं.

म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मागची खोली डावीकडे आहे. आवाज खुर्चीकडून आला होता.

वळून बघितलं. ती खुर्चीत बसली होती. तोच चेहरा, तीच हनुवटीवरची खूण, तेच मान कलती करून हसणं. "बोललास बाई एकदाचा," ती म्हणाली. अगदी भाचीसारखंच म्हणाली. मी धावत मागच्या खोलीत गेलो. पलंगावर उशीला खळगा होता. मी हाका मारल्या. खूप मारल्या. बहीण घाबरून दारात आली. "अरे, कुणाला बोलावतोयस? ती तर इथे आहे."

आता सगळं सुरळीत आहे. ती वेळेवर उठते, आईच्या पायाला तेल लावून देते, माझी थट्टा करते. तिच्यात खोट काढायला मी फार दिवस टपून राहिलो. एकही सापडली नाही. कधीकधी तर वाटतं, हीच असेल. मग मी स्वतःलाच घाबरतो.

मी पुन्हा कामावर रुजू झालो. विभागाच्या तळमजल्याला आता काचेचं नवं दार बसवलंय, माणूस जवळ आला की आपोआप सरकणारं. सकाळी आम्ही दोघं बरोबर पोचतो. ती आत जाते, मागून मी. दार मिटतं. आम्ही जिन्याकडे वळतो, आणि ते पुन्हा उघडतं. बाहेर कुणी नसतं. बराच वेळ उघडं राहतं, कुणी उंबऱ्यावर थांबल्यासारखं. दुरुस्तीवाल्याने दोनदा तपासलं, दारात काही बिघाड नाही म्हणाला.

मी रोज तिथे थांबतो आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणतो, "आहे. मी आहे." पलीकडून काही येत नाही. ती जिन्यावर माझी वाट बघत उभी असते. दार मिटेपर्यंत ती वळून बघत नाही.